काचेचं कोकरू

डोईवर माझ्या पेटी, पेटीत काचेचं कोकरू,
वाट खाचखळग्याची, बाई, हळू पाऊल धरू.

ही ओवी बानाबाईची स्वतःची. जात्यावरची नव्हे, चालता चालता जुळलेली. तिचा नवरा त्रिंबक चितेगावच्या कंपनीत पाळी करायचा आणि सुटीच्या दिवशी एका दैनिकासाठी कुस्त्यांचे फोटो काढायचा. दोन कॅमेरे, हातभर लांब भिंग, फ्लॅश, बॅटऱ्या, स्टँड, सगळं पत्र्याच्या पेटीत आणि पेटी बानाबाईच्या डोक्यावर. भिंग ती घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळायची. तिचा बाप मेंढरांमागं फिरताना वाटेत जन्मलेलं कोकरू असंच गुंडाळून घोड्यावर ठेवायचा.

कुस्तीच्या फडात बायका जात नाहीत, अशी गावोगावची रीत. पण ओझं घेऊन आलेल्या बाईला कोण अडवतंय? आखाड्याच्या कडेला पेटी उतरली, की त्रिंबक कॅमेरे गळ्यात अडकवायचा आणि झाकण लावलेल्या पेटीवर बानाबाई पदर सावरून बसायची. बघणाऱ्याला वाटायचं, सामान राखतीय बिचारी. ती मात्र एकेक डाव डोळ्यांनी पिऊन घ्यायची. एडक्यांच्या टकरी बघत वाढलेली ती. कुणाचा मागचा पाय सुटतोय हे तिला आधी कळायचं. "आता," ती पुटपुटायची आणि त्रिंबकचं बोट खटका दाबायचं.

या हिवाळ्यात तिची मान धरली. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, "डोक्यावर ओझं बंद. कायमचं."

म्हणून दोघं उस्मानपुऱ्यात चाकांची बॅग बघायला आली होती. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटलेला, मोर्चा निघणार म्हणून दुकानांची शटरं अर्धी खाली. दुकानातल्या चाचांनी दोघांना वाकूनच आत घेतलं.

"पक्की दाखवा, चाचा," त्रिंबक म्हणाला. "खडी, ढेकळं, एसटीचा टप, सगळं सोसंल अशी. आन एकट्याला ओढता आली पाहिजे. हिच्यामागची पीडा तरी जाईल. आता फुलंब्रीच्या फडाला हिला यायची गरजबी नाय. बसंल घरी निवांत."

केवढ्या मायेनं म्हणाला तो! बानाबाईला मात्र आखाड्याची कड आपल्यावाचून दिसली.

चाचांनी निळी बॅग काढली. बानाबाईनं तिच्यावरून तळवा फिरवला, झाकण दाबलं. झाकण आत गेलं.

"चाकं बोराएवढी. रानात रुततील."

दुसरी कापडी, हलकीफुल्ल. तिचंही झाकण दाबून झालं. "शिवण बघा की. एका जत्रंत उसवंल."

तिसरीचा दांडा करकरत होता. चाचांनी कपाळावर हात मारला. "भाभी, बॅग ले रहे की दामाद देख रहे?"

"मला पसंत करताना तरी एवढी पारख केली नव्हती हिनं," त्रिंबक हसला.

"केली असती तर आज मान धरली असती व्हय माझी?"

चाचा खो खो हसले. बानाबाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावरून मोर्चा आला. शटरखालून नुसते पाय दिसत होते. चपलांतले, अनवाणी, कंपनीतल्या जाड बुटांतले. नामांतर झालंच पाहिजे, या घोषणेबरोबर सगळे एका ठेक्यात पडत होते. बानाबाई वाकून ते पाय बघत राहिली. तिला गेल्या सालचा एक फड आठवला. दलित वस्तीतला एक पैलवान लंगोट कसून आला होता आणि विद्यापीठाच्या नावाच्या भांडणापायी गावानं त्याची जोडच लावली नव्हती. त्रिंबकनं त्याचा तसाच फोटो काढला, मातीच्या कडेला उभा असलेला. पेपरात तो आला नाही. बानाबाईनं पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. कडेला उभं राहणं तिला कळत होतं. त्याला निदान उभं तरी राहू दिलं होतं. बिनओझ्याच्या बाईला तेवढंही कोण देणार?

पाय पुढं गेले. ती परत बॅगांकडं वळली, कोपऱ्यातल्या चौथ्या बॅगेचं झाकण दाबू लागली.

"बाने, झाकण का दाबतीस सारखं?"

"उगंच."

त्रिंबक तिच्या तळव्याकडं बघत राहिला. ती माहेरी गेली होती तेव्हाचा फड त्याला आठवला. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत गडी पडून झालेला होता. पडतानाचा एकही नव्हता. मग त्याला आखाड्याच्या कडेची पेटी दिसली. पेटीवर पदर सावरून बसलेली, ओठ हलणारी बायको दिसली. आपण मघाशी काय बोलून गेलो, ते आत्ता कुठं त्याच्या कानांवर आलं.

तो हळूच म्हणाला, "चाचा, हिला बसता येईल अशी दाखवा."

"बैठने के वास्ते कुर्सी लो ना मियाँ!"

"खुर्चीवर बसली तर लोक इचारतील, बाईमाणूस इथं कशाला. सामानावर बसलेलीला कोण इचारतंय?"

बानाबाईनं झटकन वर बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत निघाला.

"इचारू द्या की! सांगंन, कुस्ती बघतीय म्हणून."

 चाचा स्टूल लावून माळ्यावर चढले आणि धुळीनं माखलेली काळी पेटी खाली दिली. बॅग कसली, पेटीच ती. कारखान्यातली नाजूक यंत्रं ने-आण करायची, टणक अंगाची, कोपऱ्यांना पत्रा, खाली रबराची जाड चाकं. बानाबाईनं पदर खोचला आणि ती ओढत थेट शटरबाहेर काढली. गटारावरची फरशी, उखडलेली खडी, पलीकडचा मातीचा ढीग. चाकं कुठं अडली नाहीत. ओझ्याखाली वर्षानुवर्षं ती नाकासमोर बघत चालली होती. आज दुखती मान जपत सगळं अंगच वळवून तिनं मागं पाहिलं, तर त्रिंबक मोकळ्या हातांनी येत होता.

तिथंच रस्त्याच्या कडेला ती पेटीवर बसली. झाकण लवलं नाही. पाय जमिनीला नीट टेकले.

"घ्यायची?" त्रिंबकनं विचारलं.

"थांबा." तिनं उठून झाकण उघडलं, आतून बोट फिरवलं. "त्या पैलवानाचा फोटो चिकटंल हितं?"

"चिकटंल की."

ती पुन्हा बसली, अंगाचा सगळा भार देऊन. मग फडात पुटपुटायची तशीच पुटपुटली, "आता."

घरी जाताना पेटी त्रिंबक ओढत होता. बानाबाई शेजारून चालत गुणगुणत होती,

चाकावर माझी पेटी, पेटीत काचेचं कोकरू...

दुसरी ओळ काही जुळेना. तिनं ती फुलंब्रीच्या वाटेसाठी राहू दिली.