हे हात माझे

मित्रांनो, मी एक जुना हॅशटॅग आहे. वय वर्षे आठ. हसू नका, आमच्या जगात एवढ्या वयात कवळी बसते. माझे नाव ‘हे हात माझे’.

मला जन्म दिला शिवणकाम करणाऱ्या एका बाईने. तिचे मन अधूनमधून तिला सोडून निघून जाई. हात शिवत राहत, पण ती तिथे नसे. संध्याकाळी चार अभ्रे तयार दिसत आणि ते कोणी शिवले हे तिला आठवत नसे. डॉक्टरांनी त्याला विघटनाचा विकार म्हटले. ते नाव तिने मोबाइलवर शोधले, तेव्हा तिच्यासारखी कितीतरी माणसे सापडली. मग तिने आपल्या हातांचा फोटो टाकला. अंगठ्यावर इस्त्रीच्या चटक्याचा डाग होता. ‘दुपारचे दोन. अभ्रे मीच शिवले,’ असे लिहून तिने खाली मला टाचले.

लगेच धाकट्या बहिणीने लिहिले, “ताई, अभ्र्याला तोंडच ठेवलं नाहीस! उशी काय मंत्र म्हणून आत घालू?”

“नको घालूस. डोक्याखाली वीट घे!”

हळूहळू पिठाने माखलेले हात आले, खडूने पांढरे झालेले आले. प्रत्येकजण वेळ आणि काम लिही. कोणी दोन दिवस दिसले नाही, तर बाकीचे विचारपूस करत.

पुढे एका प्रसिद्ध मुलीने नखांचा रंग दाखवायला मला वापरले आणि हजारो लोक आले. खोटे कशाला बोलू, मी फुगलो. विकायच्या अंगठ्या आल्या, मलमे आली. ‘आज मी कोण बरं?’ म्हणत या आजाराची नक्कल करून तोंडे वाकडी करणारेही आले. जुनी माणसे एकेक करून निघून गेली. मला ते कळलेसुद्धा नाही.

एका सोमवारी ताई दोरा आणायला गेली, ती परतलीच नाही. मोबाइल शिलाई यंत्रावरच राहिला होता.

बाराव्या दिवशी एका अनोळखी नावाने फोटो आला. ओल्या चादरी, दोन हात आणि अंगठ्यावर तोच डाग. ‘सकाळचे अकरा. चादरी पिळल्या. हे हात ओळखीचे वाटतात.’ खाली मी होतो. स्वतःचे नाव ती विसरली होती, मला विसरली नव्हती.

धाकटी रोज माझ्यातच शोधत होती. पण तासाभरात त्या फोटोवर शेकडो रंगीत नखे येऊन पडली. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो.

तिला तो फोटो सापडायला एकोणीस दिवस लागले. ते अनोळखी नाव एका धुलाईच्या दुकानाचे निघाले. धाकटी तिथे धावत गेली.

“ती बाई? गेल्याच आठवड्यात गेली,” मालकीण म्हणाली. “फाटक्या चादरी न सांगता शिवून ठेवायची. कुठे जाते ते काही बोलली नाही.”

आता माझ्याकडे फारसे कोणी येत नाही. नखांना नवे नाव मिळाले आहे. धाकटी मात्र रोज आपल्या हातांचा फोटो टाकते. ‘ताई, तो अभ्रा उसवून ठेवलाय. ये आणि नीट शीव.’

मित्रांनो, कुठल्याही नावाखाली काही टाकण्याआधी जरा खाली उतरून बघा. तिथे कोणी कोणाला शोधत असेल, तर त्यांच्यावर ढीग रचू नका. आणि इस्त्रीचा डाग असलेला अंगठा कुठे दिसलाच, तर तिला सांगा, हे हात तुझेच आहेत.