गिरणीच्या ओट्यावरचा कप्तान

ताडकळसला दुपारी दोनला लाईट जायची ती पाचच्या सुमाराला यायची. तेवढा वेळ भागवतची पिठाची गिरणी मुकी व्हायची, आणि नेमका तेवढ्याच वेळात तो कप्तान येऊन ओट्यावर बसायचा.

कप्तान पुस्तकातला होता, हे भागवतला कळत नव्हतं असं नाही. चार वर्षांपूर्वी फौजेतून गुडघ्यात लोखंडाचे तुकडे घेऊन घरी आलेला माणूस तो. खरं काय आणि बनवलेलं काय, हे त्याला चांगलं समजत होतं. पण मत्सराला कुठली समज? तो एकदा मनात पाट मांडून बसला, की कागदावरच्या माणसाचाही घास मोजायला लागतो.

पुस्तक राजेश्रीनं, म्हणजे भागवतच्या बायकोनं, गावातल्या वाचनालयातून आणलं होतं. इंग्रजीवरून मराठीत केलेली जाडजूड कादंबरी. दोनशे वर्षांमागची विलायत, घोडागाड्या, मेणबत्त्या, नाचाच्या मेजवान्या. लढाईत जायबंदी झालेला एक उमराव कप्तान आपल्या हवेलीत पडदे ओढून बसलेला. हसत नाही, बोलत नाही, समोर आलेलं ताट भिरकावून देतो. आणि त्याच्या हवेलीतली पुस्तकं लावायला आलेली क्लारा नावाची गरीब पाद्र्याची पोरगी.

राजेश्री पोखर्णीच्या काशीनाथबुवांची लेक. ज्या घरात चार पिढ्या कीर्तन उभं राहिलं, त्या घरातल्या पोरीला नुसतं वाचता येत नाही, ती सांगायलाच लागते. दळणाचे डबे ओळीनं लावून लाईटीची वाट बघत बसलेल्या बायांपैकी सरजाबाईंनी एकदा सहज विचारलं, "काय वाचायलीस गं?" झालं. त्या दिवसापासून ओट्यावर आख्यान लागलं. ज्यांच्या घरी पीठ भरपूर होतं त्यासुद्धा पायलीभर ज्वारी घेऊन यायला लागल्या.

"मग काय बायांनो," राजेश्री सांगायची, "क्लारा दिवा घेऊन जिन्याखाली उभी. वरून कप्तान उतरायलाय. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. कठड्याला हात लावीत न्हाई. पडंल, पण धरणार न्हाई. असला मानी."

"मग ती हात देती का न्हाई?" सवितानं विचारलं. ती शेजारच्या घरातली नवी सून.

"कशाला देईल? तिला ठाऊक हाय, हात दिला की हा दिवसभर बोलायचा न्हाई. ती नुसता दिवा खाली धरती. पायरी दिसावी म्हून."

सरजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "लय सोसलं गं लेकरानं!"

आत जात्याच्या दगडाला टाकी लावत बसलेल्या भागवतचा हातोडा थांबला. लेकरानं! कालच तो वीस किलोचा डबा खांद्यावर घेऊन ह्याच ओट्याच्या तीन पायऱ्या लंगडत उतरला होता, तेव्हा ह्याच सरजाबाई म्हणाल्या होत्या, "भागवता, मागल्या खेपेला पीठ जाड पडलं होतं रे, जरा ध्यान दे." कप्तान लंगडला की बायांच्या डोळ्यांत पाणी, आणि भागवत लंगडला की पीठ जाड! दोघांचं दुखणं एकच, पण त्याच्या दुखण्याला मेणबत्तीचा उजेड होता आणि ह्याच्या दुखण्याला पिठाची धूळ.

सगळ्यात जास्त एक गोष्ट त्याला लागायची. राजेश्री बसायची ती बरोबर गिरणीच्या दाराला पाठ करून. ओट्यावर एवढी जागा, पण रोज तिथंच. नवऱ्याकडं पाठ फिरवून परक्या माणसाचं कौतुक! पाचला लाईट आली, की तो असा खटका दाबायचा की पट्टा किंचाळून उठायचा आणि कप्तान जिथल्या तिथं गप्प व्हायचा. दिवसातला तो एकच क्षण भागवतला गोड लागायचा.

रात्रीच्या जेवणाला त्यानं बोलून घेतलं. "तुझा कप्तान काय खातो गं? का नुसता तुझ्या जिभेवरच राहतो?"

राजेश्री हसली. "तुमी ऐकत बसता व्हय?"

"मला बाकी कामं न्हाईत का? भोंगा लावल्यावानी सांगायलीस, कानात शिरतंच की."

"मग कसा वाटला?"

"रिकामटेकडा. नोकरचाकर दिमतीला असल्यावर कुणीबी कुढत बसंल."

तिनं त्याच्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली. मग हलकेच म्हणाली, "त्याला एकच भीती हाय. लढाईत काय झालं ते कुणी विचारंल, ह्याची."

भागवतनं ताटात पाणी ओतलं आणि तो उठला. लग्नाच्या बायकोनं हाच प्रश्न त्याला तीन वर्षांमागं विचारला होता. तेव्हा त्यानं ताट भिंतीवर मारलं होतं. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुस्तक चोरलं. हो, चोरलंच. तोफखान्यातला माजी हवालदार, गावानं स्टँडवर हार घालून आणलेला माणूस, देवळीतून आपल्याच बायकोचं पुस्तक उचलून गिरणीतल्या जुन्या पट्ट्यांच्या पोत्यात कोंबत होता. देवानं वरून बघितलं असेल तर हसलाच असेल.

"पुस्तक बघितलं का हो?"

"मी तुझ्या पुस्तकाचा राखणदार हाय का?"

दोन वाजले, लाईट गेली, बाया बसल्या. आता बघू, म्हणून भागवत आत टेकून बसला. राजेश्रीनं घसा साफ केला आणि जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली.

"पहाटंची वेळ बायांनो. कप्तान जागाच हाय. त्याला पहाटं झोपच येत न्हाई. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधलंय, आन खिडकीत बसून तो बोटानं लाकडावर ठेका धरायलाय. कसला ठेका, ते क्लाराला कळंना."

"विलायतेत एरंड असतो का गं?" सविता.

"दुखणं असतंय तिथं एरंड असतोच," सरजाबाईंनी निकाल दिला. "तू गप ऐक."

भागवतनं पोत्यात हात घालून बघितलं. पुस्तक आपल्याकडं, आणि हा लबाड तरी हजर! म्हणजे हिला तो तोंडपाठ आहे. इतका जवळचा झालाय, की आता पान उघडायचीही गरज नाही.

त्याचा राग आता नुसता राग राहिला नव्हता, चौकशी झाली होती. ह्या माणसात असं आहे तरी काय? पुढच्या दिवशी सकाळी दळण उरकल्यावर त्यानं दार लोटलं, पोत्यातून पुस्तक काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कादंबरी वाचायला बसला. शत्रूचं ठाणं पाहायला निघाल्यासारखा, एकेक ओळ जपून.

तिसाव्या पानावर कप्तान भेटला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तलवारीचा वार. डावा हात गळ्यात बांधलेला.

आणि पाय? भागवत पान मागं घेऊन पुन्हा बघायला लागला. पाय धडधाकट होते! हा गडी रोज सकाळी घोड्यावर रपेट मारत होता. काठीच नव्हती. जिना होता, पण त्याच्यावरून तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरत होता, आणि क्लारा दिवाबिवा काही धरत नव्हती, तिचाच पाय घसरून ती त्याच्या मिठीत पडत होती. पहाटेचा ठेका नव्हता. एरंडाचं पान तर कुठंच नव्हतं. दोनशे दहाव्या पानावर हा उमराव बागेत गुडघ्यावर बसून अडीच पानं बोलत होता, सगळं मन मोकळं करत होता, आणि शेवटी मेजवानीत नाचत होता.

भागवतनं पुस्तक मिटलं. पिठाची बोटं त्यावर उमटली होती. कठड्याला हात न लावणं, एरंडाचं पान, पहाटेचा ठेका, हे सगळं तर त्याचं स्वतःचं होतं.

रोज पहाटे तो माडीवरून खाली यायचा तेव्हा राजेश्री चुलीकडं तोंड करून उभी असायची, काहीच न बघितल्यासारखी. पण तिच्या हातातल्या मोबाईलची बॅटरी लागलेली असायची आणि तिचा उजेड बरोबर पायरीवर पडलेला असायचा. चार वर्षांत त्याला वाटत आलं होतं, की बाई विसरभोळी आहे, बॅटरी बंद करायची राहून जाते.

दोन वाजले. लाईट गेली. आज तो जात्यापाशी बसला नाही. दाराच्या आत, तिच्या पाठीमागं हातभर अंतरावर, पोत्यावर टेकला. आणि तिथून त्याला ओट्याचं चित्र सरळ दिसलं, तेव्हा त्याला आपलीच लाज वाटली.

लग्नाआधी सहा वर्षं तो सुट्टीवर आला की काशीनाथबुवांच्या कीर्तनात टाळ घेऊन उभा राहायचा. तिथंच बुवांनी त्याला हेरून लेक दिली होती. बुवा श्रोत्यांकडं तोंड करून उभे असतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण असतं? टाळकरी असतात. ज्यांच्या भरवशावर बुवा अभंगाचा चरण अर्धा सोडून देतात आणि मागं वळूनही बघत नाहीत, कारण मागचे तो उचलणार हे ठाऊक असतं. परक्याकडं कुणी पाठ करून उभं राहत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि तो महिनाभर तिला अपमान समजत होता.

"क्लारा जवळ आली," राजेश्री सांगत होती. "आज तिनं मन घट्ट केलं. म्हणली, कप्तानसाहेब, त्या दिवशी काय झालं होतं? आन मग कप्तान..."

ती थांबली. बापासारखीच थांबली, आवाज वर नेऊन, मान किंचित झुकवून. गेले आठ दिवस कथा कुठूनही सुरू झाली तरी ती इथंच येऊन थांबत होती आणि लाईट येऊन कथा मोडत होती.

"बोल की गं!" सविता म्हणाली.

"मला कुठं ठाऊक हाय? त्यानं सांगितलं तर ना."

आत मीटरवरचा लाल दिवा लागला. आज लाईट लवकर आली होती. "आली, आली!" म्हणत दोघीतिघी डब्यांकडं सरकल्या. भागवतचा हात सवयीनं खटक्यावर गेला, आणि तिथंच राहिला. त्यानं चरण उचलला.

"कप्तानाचा एक जोडीदार होता," तो दारातून म्हणाला. "दत्ता. चारठाण्याचा."

"विलायतेत चारठाणा?" सरजाबाई म्हणाल्या. सवितानं त्यांचा हात दाबला.

"दोघं गस्तीला जायचे. वर बर्फ, खाली बर्फ. दत्ताला भजनाचा लय नाद. हळूच गुणगुणायचा, आन कप्तान मागून ओळ उचलायचा, बंदुकीवर बोटानं ठेका धरून. त्या दिवशी पुढं चालायची पाळी कप्तानाची होती." तो थांबला. राजेश्रीनं मागं वळून बघितलं नाही. "दत्ता म्हणला, तू टाळकरी माणूस, टाळकऱ्यानं मागंच ऱ्हावं. आन हसत पुढं झाला. दहा पावलं गेला असंल. जमिनीतला सुरुंग. दत्ताचं काहीच हाती लागलं न्हाई. कप्तानाच्या नुसत्या गुडघ्यात तुकडे. गावानं हार घातले, मिरवणूक काढली. पाळी त्याची होती, हे कुणाला सांगावं? तवापासून कप्तान कुणाच्या मागं टाळ घेऊन उभा राहिला न्हाई. लोक समजले, गुडघा दुखतो."

सरजाबाईंचा पदर डोळ्यांकडं गेला नाही, त्या नुसत्या भागवतच्या पायांकडं बघत राहिल्या.

शेवटी त्यांनीच विचारलं, अगदी बारीक आवाजात, "मग क्लारा काय म्हणली गं?"

राजेश्रीच्या पाठीवरून कळत होतं, की ती रडतेय. पण बुवाची लेक होती, आवाज फुटू दिला नाही. "क्लारा म्हणली, पोखर्णीला पुढल्या महिन्यात सप्ताह बसायलाय. बुवाच्या मागं एक जागा चार वर्षं कुणालाच दिली न्हाई. दत्ताच्या नावानं एक चरण तिथं म्हणावा. आन जमलं तर चारठाण्याला त्याच्या आईला भेटून यावं. क्लारा संगं येईल."

सगळ्या दाराकडं बघायला लागल्या.

"कप्तान म्हणला," भागवतनं डोळ्यांवरून पिठाचा हात फिरवला, "आधी चारठाणा."

मग त्यानं खटका दाबला. पट्टा फिरला, जातं घुमायला लागलं, आणि सरजाबाईंनी सगळ्यांच्या आधी स्वतःचा डबा पुढं सरकवला. "जाड पडलं तरी चालंल रे भागवता," त्या गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडल्या, "सावकाश दळ."

राजेश्री उठून आत आली. पट्ट्यांच्या पोत्याजवळ थांबली, त्याच्या कानाशी वाकली.

"पुस्तक उद्या वाचनालयात द्यायचंय," ती म्हणाली. "पीठ झटकून ठेवा."