फोटोपुरती पाटी

मी दुकानाची पाटी बोलतेय. दुकान मात्र शोधू नका. माझा जन्म एका फोटोसाठी झाला आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

दोन जावा होत्या. थोरलीचं आयुष्य शिवणकामात गेलेलं, धाकटी कॉम्प्युटरवाली. दोघींनी वेबसाइट काढली. गिऱ्हाइकानं आपली मापं भरायची, त्या मापाचा कागदी नमुना छापून घ्यायचा आणि घरी कापड बेतायचं. बेतण्याची अक्कल थोरलीची, गणित धाकटीचं. गिऱ्हाइकं इतकी वाढली, की साइट दर रविवारी मान टाकायची. भांडवल हवं होतं. बायकांच्या डिजिटल धंद्यांना सरकारी निधी मिळतो असं कळलं, तेव्हा दोघींनी अर्ज केला.

धाकटी विमा कंपनीतून बिनपगारी रजेवर होती. रजा संपायच्या आत निधी आला तर राजीनामा, नाहीतर मुकाट्यानं पुन्हा नोकरी. आणि ती गेली की धंदा बसला, हे दोघींनाही ठाऊक होतं.

अर्ज परत आला. घोडं पेंड खात होतं ते नवव्या रकान्यात: 'व्यवसायाच्या जागेचा फोटो, पाटीसह.'

"ऑनलाइन धंद्याला कसली पाटी?" धाकटी वैतागली.

"मागतायत ना, देऊन टाकू. वाद घालत बसलीस तर रजा संपेल," थोरली म्हणाली.

पेंटरनं विचारलं, "दुकान कुठंशी आलं, ताई?"

"फोनमध्ये."

तो हसला, पण प्लायवूडवर 'नेमकं माप' ही अक्षरं मात्र झकास काढली. मला स्वयंपाकघराच्या दारावर टांगलं. शेगडी दिसू नये म्हणून थोरलीचे यजमान मागं चादर धरून उभे राहिले. त्यांची चार बोटं फोटोत आलीच.

फोटो झाला, अर्ज पुन्हा गेला आणि मला टेबलावर पालथं घातलं. टेबल खडबडीत, आणि छापलेले कागद एकमेकांना चिकटवायला सपाट जागा हवी होती म्हणे. एवढा नट्टापट्टा करून तोंड खाली! चार दिवस मी रागातच होते. मग दिवसभर पाठीवर कागद, पट्टी, पेन्सिल फिरायला लागली आणि राग कुठल्या कुठं गेला.

रजेचे सहा दिवस उरले असताना तपासणीच्या मॅडम न सांगता आल्या.

"पाटी कुठंय? फोटोत तर दारावर होती."

"पुसायला काढलीय," यजमानांनी ठोकून दिलं.

"खोटं कशाला बोलताय?" थोरली म्हणाली. "मॅडम, पाटी फोटोपुरतीच केली होती. आता तिच्यावर आम्ही कागद जोडतो."

धाकटीनं डोळे मिटून घेतले. सगळं मुसळ केरात गेलं असं मलाही वाटलं.

मॅडमनी मला उलटून पाहिलं. "मग धंदा चालतो कुठं?"

धाकटीनं लॅपटॉप पुढं ओढला. "तुमची मापं देता?"

मॅडम जरा घुटमळल्या. "माझा एक खांदा उतरता आहे. तयार शर्ट कधी बसतच नाही."

"दोन्ही खांदे आम्ही वेगवेगळेच भरतो," म्हणत थोरलीनं टेप काढली.

कागद छापून आले, माझ्या पाठीवर जोडले गेले. मॅडमनी खांद्याचा तुकडा आरशासमोर लावून पाहिला. मग वहीत काहीतरी लिहिलं.

"पाटीचं काय लिहिलंत?" थोरलीनं भीत भीत विचारलं.

"पाटी आहे आणि कामात आहे."

निधी मंजूर झाल्याचं पत्र रजेच्या शेवटच्या दिवशी आलं. धाकटीनं तिथल्या तिथं, माझ्याच पाठीवर कागद ठेवून राजीनाम्यावर सही केली.

आता टेबलाभोवती चारजणी काम करतात. माझी पुढची अक्षरं घासून पुसट झालीत, त्याचं दुःख नाही. अर्जाचे रकाने ठरवणाऱ्यांना एवढंच सांगते, पाटी मागण्याआधी एकदा काम बघायला या. आलात तर मला उलटीच बघा. त्या दिवशी धाकटीनं पेन इतकं दाबलं होतं, की तिचं नाव लाकडात उमटलंय.