फोल्कमार मास्तरांचा आरसा

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही कोटाच्या मोठ्या गुंडीएवढे आहात. विमानाच्या इंजिनाच्या पोटात, जिथे माणसाचं डोकं शिरत नाही, तिथे तुम्हाला सरकवलं आहे. आत काळोख आहे, तेलाचा वास आहे आणि बाहेरचा माणूस तुमच्याकडे पाहून आतलं सगळं बघतो आहे. जमलं? मग तुम्ही मी झालात.

मी एक जुना आरसा आहे. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, फक्त माझा दांडा वीतभर लांब आहे. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या, डोंगराकडच्या एका लहानशा कारखान्यात माझं आयुष्य गेलं. तिथे छोट्या विमानांची इंजिनं बनतात. दारावरची पाटी माझ्यादेखत तीनदा बदलली. हल्लीचे मालक समुद्रापलीकडे राहतात आणि आमचा कारखाना म्हणजे त्यांच्या मोठ्या कंपनीची जर्मन शाखा. पण आमचा फळा मात्र कुणी बदलला नाही.

या फळ्यावर प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच आहे. हत्यार घेतलं की खाचेत आपल्या नंबरचा पितळी बिल्ला लावायचा. काम झालं की ज्याने काढलं, त्यानेच हत्यार परत ठेवायचं आणि आपला बिल्ला घ्यायचा. हत्यार हरवलं, तर ते सापडेपर्यंत एकही इंजिन दाराबाहेर जात नाही. आत विसरलेला इवलासा पानासुद्धा आकाशात जीव घेऊ शकतो.

फोल्कमार मास्तर इंजिन तपासायचे आणि शेवटी कागदावर आपला शिक्का मारायचे. चौतीस वर्षं त्यांनी मला वापरलं. पुढे बारीक नळीवरचा कॅमेरा आला आणि बाकीचे मला विसरले. जोडणी करणारा सिल्विओ तर चिडवायचाच.

"मास्तर, तो आरसा दाढी करायला घरी घेऊन जा आता!"

"तुझ्या कॅमेऱ्याला बॅटरी लागते रे," मास्तर म्हणायचे. "याला फक्त डोळे लागतात. ते आहेत का तुला?"

आता जे घडलं ते सांगताना आजही मी हादरतो.

त्या शनिवारी कारखान्यात कुटुंबांचा दिवस होता. अंगणात सॉसेज भाजत होते, टेबलांवर केक मांडले होते. मास्तरांची नात मारित आली होती. ती आठ वर्षांची, आणि तिची एक दाढ हलत होती. मास्तरांनी सवयीने खाचेत बिल्ला लावला, मला काढलं आणि एका उघड्या इंजिनात घालून तिला आतली चाकं दाखवली. मग मला तिच्या हातात दिलं. तिने काय केलं असेल? मला स्वतःच्या तोंडात घातलं!

"आजोबा, दाढ दिसली!"

"दिसली ना? आता जागेवर ठेव हं त्याला," मास्तर म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ठेवलास?" मारितच्या तोंडात केक होता. तिने 'हो' म्हणून मान हलवली. मी मात्र तिच्या खिशात होतो. तिला ती दाढ आणखी एकदा बघायची होती, एवढंच.

पाहुणे गेल्यावर सिल्विओने फळ्याकडे पाहिलं. माझ्या खाचेत मास्तरांचा बिल्ला होता, म्हणजे आरसा मास्तरांकडे. त्याने निश्चिंत मनाने ते उघडं इंजिन बोल्ट लावून बंद केलं.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. मारित आजोबांच्या घरी होती आणि मी तिच्या खिशात. मास्तर भर दुपारीच घरी आले. त्यांच्या मागून सिल्विओ आला. टोपीसुद्धा न काढता तो स्वयंपाकघरात बसला.

"मास्तर, आठवा ना जरा! शनिवारी आरसा कुठे ठेवलात?"

"मारितने जागेवर ठेवला होता. मी विचारलं होतं तिला."

"मग तुमचा बिल्ला अजून तिथे कसा?"

"त्याचा अर्थ एकच. नंतर मी तो पुन्हा काढला, इंजिनात घातला आणि विसरलो." मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "डोकं चालेनासं झालं माझं, सिल्विओ. वर ऑफिसात ब्योनिशबाईंना मी शिक्का देऊन आलो. म्हटलं, मला आता कुठल्याही कागदावर तो मारता येणार नाही."

"अहो, असं काय करता? दोन वाजता इंजिन उघडतोय मी. आरसा निघाला की झालं!"

"निघाला तर शिक्का गेलाच."

मित्रांनो, मी थिजलो. नातीच्या शब्दावर या माणसाने एवढा विश्वास ठेवला, की स्वतःच्या हातांवरचा विश्वास गमावून बसला! ओरडावंसं वाटलं, 'मी इथे आहे, हातभर अंतरावर!' पण आरशाला तोंड कुठलं? मारितचा हात खिशात आला. त्याने मला मुठीत घट्ट धरलं.

तिने मला टेबलावर ठेवलं.

सिल्विओचं तोंड उघडंच राहिलं. मास्तर पांढरेफटक पडले.

"तू मान हलवली होतीस," ते हळूच म्हणाले.

"हो. मी खोटीच हलवली."

सिल्विओ ताडकन उठला. "आणा इकडे! मी नेतो आणि सांगतो, बाकाखाली सापडला म्हणून."

"खबरदार!" मास्तर म्हणाले. "मारित, ज्याने नेलं तोच परत ठेवतो. चल, बूट घाल."

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. घेतलेली वस्तू परत ठेवायला विसरलात, तर चालेल एक वेळ. पण विचारणाऱ्याला खरं सांगा. तो तुमच्या उत्तरावर काय काय उभारतो, ते तुम्हाला दिसत नाही.

कारखान्यात बारा माणसं इंजिनाभोवती उभी होती. एकाने घाई करून चार बोल्ट काढलेही होते. मारित रडत होती, पण आवाज खणखणीत होता. "आरसा मी नेला. आजोबा काही विसरले नाहीत."

ब्योनिशबाई, म्हणजे कारखान्याच्या प्रमुख, गर्दीतून पुढे आल्या. मग त्यांनी शिक्का मास्तरांपुढे धरला.

"घेतो," मास्तर म्हणाले, "पण माझीही चूक लिहा. बिल्ला माझा होता. तिने सांगितलं, पण मी डोळ्यांनी पाहिलं नाही."

बाईंनी ती लिहिली. मारितने मला खाचेत बसवलं. तिथून मला सगळं दिसत होतं. सगळ्यांना वाटलं, आता पोर दाराकडे धूम ठोकणार. पण ती सिल्विओजवळ गेली.

"हे चार परत लावायचे ना?"

"लावायचे तर. तुझीच कृपा!"

मारितने बाहीने नाक पुसलं, इंजिनाजवळ उकिडवी बसली आणि प्रत्येक बोल्ट आत जाताना डोळ्यांनी पाहून मोठ्याने मोजू लागली.