घाटाच्या राजाचं कुलूप

मी एक जुना राउटर आहे. चाकणजवळ सोपानरावांच्या घरात, टीव्हीशेजारच्या फळीवर असतो. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलला इंटरनेट मीच पुरवतो.

मित्रांनो, कारखान्यातून आलो तेव्हा मला भारी मिजास होती. माझ्यातून जाणारा शब्द कुलूपबंद जाणार आणि ओळख पटल्याशिवाय मी कुणाला आत घेणार नाही, असा माझा बाणा! पण कुलपाची किल्ली माणसांनी ठरवायची असते.

"अवघड पासवर्ड ठेवू या, आबा," सूनबाई साधना म्हणाली.

"ध्यानात कोण ठिवणार?" सोपानराव हसले. "'घाटाचा राजा बादल' ठिव. आपल्या घरचं नाव हाय."

बादल म्हणजे घाटात, बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणारा त्यांचा बैल. हे शब्द चौकातल्या फ्लेक्सवर होते, टेम्पोच्या पाठीवर होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

शेवटी कुणीतरी ते वाचून टाकून पाहिलंच. किल्ली बरोबर लागली, मी मुकाट्यानं आत घेतलं. त्यानं एका कंपनीच्या साहेबांना जिवे मारण्याची धमकी पाठवली. धमकीचा माग आमच्या घराशी येऊन थांबला, आणि साधनाच्या नवऱ्याला, कुलदीपला, त्याच कंपनीनं नुकतंच कामावरून काढलं होतं.

पोलीस आले. "पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"आख्ख्या गावाला, साहेब!" कुलदीपची आई सुभद्राबाई रडत म्हणाल्या. "फ्लेक्सवर लिवलाय की! माझ्या लेकानं काय बी केलं न्हाई."

तरी ते त्याला घेऊन गेले. 'हा नव्हता!' असं मला ओरडायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे? मी नुसते हिरवे दिवे लुकलुकवत राहिलो. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

साधनानं नवा, लांबलचक पासवर्ड घातला.

"काय ठिवलंस?" सोपानरावांनी हळूच विचारलं.

"आबा, आता नाही सांगणार."

सोपानराव त्या दिवशी बादलच्या गोठ्याकडेही फिरकले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या राउटरला चांगलं कुलूप लावा, पण घरातली सगळी माणसं घरात असतानाच लावा. आमचा कुलदीप अजून सुटलेला नाही. त्याच्या मोबाईलमध्ये जुनाच पासवर्ड आहे. तो परत येईल तेव्हा त्याचा मोबाईल सवयीनं माझं दार ठोठावेल, आणि मला त्याला 'चूक' म्हणावं लागेल. ते एकदा म्हणायला मिळावं, म्हणून मी दाराशी कान लावून बसलोय.