मुठीतला सोयाबीन

आमच्या घरात बाप-लेकीचं कधीच पटलं नाही, आणि मला दोघांचाही अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते.

माझे यजमान गंग शौली हे गावातले सत्ताधारी पक्षाचे जुने चिटणीस. पद गेलं, ताठा राहिला. मुलगी सूयुन सिरका बनवून विकते. गावप्रमुख छाईने ओढ्याकाठची सामाईक जमीन कोणालाही न विचारता वीटभट्टीला देऊन टाकली, तेव्हा हीच बायका गोळा करून तालुक्याच्या कचेरीसमोर धरणं धरून बसली. मग निवडणुकीत छाईविरुद्ध उभीही राहिली. हरली असती तर जमीन गेलीच असती, आणि धरण्याबद्दल तिलाही उचलून नेलं असतं.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी जेवताना दोघांची पुन्हा जुंपली.

"वीज कोणी आणली? रस्ता कोणी केला? मतं मागत बसलो असतो तर अजून कंदील लावले असते. घराला एकच कर्ता लागतो."

"आणि कर्त्यानेच घर विकायला काढलं तर, बाबा?"

"वर अर्ज करायचा. रस्त्यावर बसून तमाशा करायचा नाही."

"केले की अर्ज! वरच्यांनी ते छाईलाच वाचायला दिले."

त्यांनी शेवयांच्या वाडग्यात आणखी सिरका ओतला. उत्तर सुचलं नाही की ते हेच करतात.

"सूयुनचे बाबा, पोट जळेल," मी म्हटलं.

सकाळी शाळेच्या अंगणात तालुक्याचे साहेब म्हणाले, "हात वर करा, पटकन आटपू. छाईंसाठी कोण?"

छाईची माणसं भिंतीशी उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती. हात वर जाऊ लागले. धरण्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईनेही खाली बघत हात वर केला. तिचा नवरा भट्टीवर कामाला, ती तरी काय करणार? पण माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात आमचे हे उठले. कोटाखालून माझ्याच स्वयंपाकघरातले दोन वाडगे काढले आणि सोयाबीनची पिशवी.

"हे काय, म्हातारबा?" साहेब हसले.

"मी लहान असताना पक्षाने याच अंगणात अशी निवडणूक घेतली होती. उमेदवारांनी लोकांकडे पाठ करून बसायचं, पाठीमागे वाडगा. प्रत्येकाला एक दाणा. मूठ दोन्ही वाडग्यांत घालायची, सोडायची एकात. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, तिनेही मत दिलं. पक्षाचीच रीत आहे, साहेब. नको असेल तर तसं लिहून द्या."

साहेब कसले लिहून देतात! छाई आणि सूयुन पाठ करून बसले. मुठी दोन्ही वाडग्यांत जाऊन येत होत्या, कोणाची कुठे सुटली ते भिंतीजवळच्यांना कळेना. शेवटी सूयुनचा वाडगा शिगोशीग भरला होता. धरण्यातली तीच बाई आधी ओरडली, मग सगळं अंगण. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

घरी सूयुनने विचारलं, "बाबा, दाणा मलाच दिलात ना?"

"तुला? छाईला दिला. गावाला खमका माणूस लागतो."

ती बघतच राहिली. "मग वाडगे कशाला आणलेत?"

"दटावून वर करायला लावलेला हात म्हणजे मत नव्हे. माझ्या आईने तिचा दाणा कोणाला दिला, ते वडिलांनाही शेवटपर्यंत कळलं नाही." मग माझ्याकडे वळले. "आणि तू कोणाला दिलास?"

"नाही सांगणार," मी म्हटलं.

लग्न झाल्यापासून मी त्यांना असं उत्तर कधी दिलं नव्हतं. ते इतके खूश झाले की सिरका न घालताच जेवले.