अफीफाच्या चाळिसाव्याचा गहू

गहू शिजवला की फुगतो, हे मला माहीत होतं. किती फुगतो, हे माहीत नव्हतं. आमच्या घरात इतकी वर्षं गहू शिजला, पण तो माझ्या बायकोने, अफीफाने शिजवला. मी फक्त खाल्ला.

तिला जाऊन चाळीस दिवस होत आले होते. आमच्या कफर झैना गावात चाळिसाव्याला चर्चमध्ये गव्हाची परात न्यावी लागते. उकडलेला गहू, त्यात साखर, बडीशेप, अक्रोड, डाळिंबाचे दाणे, आणि वरून पिठीसाखरेचा जाड थर. अबूना, म्हणजे आमचे पाद्री, त्यावर प्रार्थना म्हणतात आणि मेलेल्यांची नावं घेतात. मग सगळे खातात. खाणाऱ्याने घास घेऊन ‘देव त्यांच्यावर दया करो’ असं म्हणायचं. ते न म्हणता खाल्ला तर काही उपयोग नाही.

मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तिने फोनवर सांगितलं की त्रिपोलीच्या मिठाईवाल्याकडे तयार परात मिळते, ती आणा. शेजारणी म्हणाल्या, आम्ही करतो. मी सगळ्यांना नाही म्हटलं. अफीफाने माझ्या आईसाठी केला, बापासाठी केला, तिच्यासाठी मीच करणार होतो. चर्चभर माणसं म्हणजे किती गहू, असा विचार केला आणि तेलाचा रिकामा डबा काठोकाठ भरून घेतला.

दुपारपर्यंत मोठ्या पातेल्याचं झाकण आपोआप वर आलं होतं. मी दुसरं पातेलं घेतलं. मग कपडे धुवायचा टब घेतला. चर्चची डेग मागून आणली, तीही भरली. गहू वाळवावा लागतो एवढं आठवत होतं, नाहीतर साखर वितळते. म्हणून चादरी पसरल्या. जेवणाच्या टेबलावर गहू, सोफ्यावर गहू, पाहुण्यांच्या खोलीत गहू, आमच्या पलंगावर तिच्या बाजूला आणि माझ्याही बाजूला गहू. मला बसायला बाल्कनीतली एक खुर्ची उरली.

थोडा कोंबड्यांना घालावा म्हणून अबूना स्पीरोंना विचारायला गेलो. त्यांनी विचारलं, “मित्री, चुलीवर ठेवताना तिचं नाव घेतलं होतंस?”

घेतलं होतं.

“मग कोंबड्या दया म्हणायला शिकल्या तर घाल.”

म्हणजे तो माणसांनीच खायला हवा होता. आणि खरी अडचण तिथेच होती. आमच्या खालच्या आळीने कितीही खाल्लं तरी तो संपणार नव्हता. वरची आळी खाणार नव्हती, आणि वरची आळी म्हणजे अफीफाचं माहेर. परात उरली असती तर मला चाललं असतं. पण तिच्या स्वतःच्या माणसांनी तिच्या नावाचा एक घास घेऊ नये, तिच्यासाठी दया मागू नये, हे मला नको होतं. ती हयात असताना मी याचा कधी विचार केला नव्हता. आता दुसरा विचार सुचत नव्हता.

यादवी सुरू झाली तेव्हा आमचं गाव एका पक्षात राहिलं नाही. वरच्या आळीची पोरं एका बाजूने लढायला गेली, खालच्या आळीची दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजू काय म्हणत होत्या ते आज विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही, आणि तेव्हाही आलं नसतं. तेलाच्या घाण्यापाशी गोळीबार झाला त्यात अफीफाचा भाऊ वदी गेला आणि माझा भाऊ नस्री गेला. कोणाची गोळी कोणाला लागली ते कोणालाच माहीत नाही. गावात चर्च एक आणि दफनभूमीही एक. म्हणून वरच्या पोरांना सुरूच्या झाडांकडे पुरलं आणि खालच्यांना भिंतीच्या कडेला. मधे पायवाट ठेवली. प्रत्येक कबरीवर काचेमागे गणवेशातला फोटो आहे. फोटोवाला एकच होता, त्यामुळे दोन्ही टोकांना मागचा पडदा तोच आहे, धबधबा आणि दोन हंस.

वदीला पुरलं त्या दिवशी अफीफाच्या आईने त्याच्या शवपेटीवर हात ठेवून शपथ घेतली की नस्रीच्या घरचा गहू माझ्या रक्ताचं कोणी तोंडात घालणार नाही. आमच्याकडे घरचा गहू घरच्या सगळ्या मेलेल्यांचा असतो. एकासाठी दया मागितली की सगळ्यांसाठी मागितली. नस्रीचं घर म्हणजे माझं घर, आणि अफीफा तेव्हा माझी बायको होऊन त्याच घरात नांदत होती. आई गेली पण शपथ राहिली. अफीफा दर वर्षी मृतांच्या शनिवारी तिच्या थोरल्या बहिणीकडे गहू पाठवायची आणि तो परत यायचा. बाकी काही अडत नव्हतं. दोघी बहिणी रस्त्यात उभ्या राहून तासन् तास बोलायच्या, एकमेकींची पोरं वाढवायच्या. अफीफाला शेवटची आंघोळही त्याच बहिणीने घातली. फक्त गहू नको.

ही बहीण म्हणजे लबीबा, गावात तिला उम्म फादी, म्हणजे फादीची आई म्हणतात. मित्री घरात खळ बनवतोय असं तिला कोणीतरी सांगितलं. ती दार न वाजवता आत आली, पलंगाकडे बघितलं, चिमूटभर गहू उचलून बोटांत चोळला.

“हा गहू आहे की भिंतीला लावायचा गिलावा?”

मी म्हटलं की वाळला की सुटा होईल.

“या अंधारात? पुढच्या वर्षी होईल. दाणा दाणा वेगळा हवा. ती वरून बघत असेल आणि मला बोलत असेल, की तू जिवंत असताना माझ्या गव्हाची ही दशा.”

तिने फादीला हाक मारून पिकअप आणायला सांगितलं. तिच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं आणि ऑलिव्हच्या तोडणीच्या ताडपत्र्या धुऊन ठेवलेल्या होत्या. गहू चादरींसकट उचलून वरच्या आळीत गेला. लोक दारात येऊन बघत होते. कोणीतरी विचारलं की मित्री घर सोडून चाललास का. मी म्हटलं, मी नाही, गहू चाललाय.

पुढचे दोन दिवस मी तिच्या गच्चीवर होतो. मी अक्रोड फोडत होतो, ती चुका काढत होती. तिने चिकट गहू पुन्हा धुतला, परत उकळी दिली, वाळवला, आणि तो खरंच सुटा झाला. मग साखर घालायला घेतली. थोडी घालायची, चमच्याने तोंडात टाकून बघायची, मान हलवायची, अजून घालायची. मी बघत राहिलो. शेवटी म्हणालो, “उम्म फादी, तुम्ही खाताय.”

“खात नाही, चाखतेय. अबूनांनी नावं घेतल्याशिवाय तो नुसता गहू. चाखल्याशिवाय साखर कशी कळणार? तुझ्यासारखी डब्याने मोजू?”

मग ती डाळिंब सोलायला बसली. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली की एक उपाय आहे. या एका वेळेला नस्रीचं नाव द्यायचं नाही. फक्त अफीफाचं द्यायचं. मग ती वरच्या सगळ्या आळीला घेऊन येईल, शेवटचा दाणा संपेपर्यंत खायला लावेल.

मला हो म्हणावंसं वाटलं. नस्री शांत स्वभावाचा होता, एका वर्षाने त्याचं काही बिघडलं नसतं. मी हातोडी खाली ठेवली. हो म्हणणार इतक्यात अफीफा नावं सांगायला चर्चच्या पायरीवर कशी उभी राहायची ते डोळ्यांसमोर आलं, आणि मग मी जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं.

“उम्म फादी, ती दर वर्षी जो गहू पाठवायची ना, त्यात तुमचा वदीही असायचा. अबूनांना ती आधी वदीचं नाव सांगायची, मग नस्रीचं.”

तिने डाळिंब खाली ठेवलं.

“वदी? तुमच्या परातीत?”

“हो.”

“वदीला विचारलं होतं कोणी?”

“नस्रीलाही नव्हतं विचारलं.”

“आणि मला का नाही सांगितलं या मुलीने? मी दर वर्षी माझ्या भावाचा गहू परत पाठवत होते?”

मी म्हटलं की मीही तिला हेच विचारलं होतं. अफीफा म्हणायची, सांगितलं तर लबीबा वदीसाठी खाईल आणि नस्रीचे दाणे वेचून बशीच्या कडेला ठेवेल.

उम्म फादी हसली. हसता हसता तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि डाळिंबाचा रस डोळ्यात गेला म्हणून मला शिव्या दिल्या. “ठेवले असते,” ती म्हणाली. “मेली ओळखायची मला.”

पण नस्रीबद्दल हो किंवा नाही काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही. मी ठरवलं होतं की नाव गाळायचं नाही, मग कोणी खावो न खावो.

रविवारी सकाळी कोट घालून परात न्यायला वर गेलो. चर्चची सर्वांत मोठी पितळी परात भरली होती, वर पिठीसाखरेवर बदामांचा क्रूस काढलेला. मी कडेला हात लावला तर तिने मनगटावर चापट मारली. म्हणाली की परात माझ्या घरातून निघतेय, माझी पोरं उचलतील, तू मागून ये. मला वाईट वाटलं. बायकोच्या चाळिसाव्याला मी मागून चालावं, हे काय. पण तिच्याशी रस्त्यात कोण भांडणार. फादीने आणि त्याच्या भावाने परात खांद्यावर घेतली, बाकीचा गहू टबांत भरून पिकअपमध्ये चढवला आणि वरची आळी घराघरांतून निघून मागे चालू लागली.

प्रार्थना झाली. अबूना परातीपाशी आले आणि रीतीप्रमाणे विचारलं की हा गहू कोणत्या घरचा. मी तोंड उघडलं.

“माझ्या घरचा, अबूना,” बायकांच्या बाजूने उम्म फादी म्हणाली. “माझ्या चुलीवर पुन्हा उकडला, माझ्या गच्चीवर वाळला, माझ्या दारातून आला.”

गहू ज्या घरचा, नावं त्या घराने द्यायची. आता मला काही बोलायचा हक्क नव्हता. तिने नस्रीला सोडलं तर मी भर चर्चमध्ये काय करणार होतो?

अबूनांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाले, “नावं सांग, उम्म फादी.”

“अफीफा.”

“हं.”

“वदी.”

फादी आईकडे बघत होता. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

“नस्री,” ती म्हणाली. शेजाऱ्याने नेलेली शिडी परत मागावी, अशा आवाजात म्हणाली. पण म्हणाली.

अबूना स्पीरो एरवी प्रार्थना लांबवतात. त्या दिवशी त्यांनी तिन्ही नावं एका दमात घेतली, तिचा विचार बदलायच्या आत.

बाहेर अंगणात ती स्वतः वाढायला उभी राहिली. पहिला आला तिचा चुलतभाऊ अबू वहीब, वरच्या आळीतला सर्वांत म्हातारा. बशी घेतली नाही, हात मागे बांधून उभा राहिला. “लबीबा, काकूची शपथ होती.”

“शपथ नस्रीच्या घरच्या गव्हाची होती. हा माझ्या घरचा आहे. मी काही शपथ मोडलेली नाही. तू खा, नाहीतर परात तुझ्या डोक्यावर पालथी करीन, आणि ती जड आहे.”

अबू वहीबने थोडा विचार केला. मग बशी घेतली, घास घेतला, ‘देव त्यांच्यावर दया करो’ म्हणाला, आणि दुसऱ्यांदा बशी पुढे केली. त्यानंतर रांग लागली. वरचे आणि खालचे एकाच रांगेत उभे राहून साखर जास्त की कमी यावर वाद घालत होते. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. प्रत्येक जण म्हणत होता.

तरीही उरलाच. उरलेला गहू कबरींवर मूठ मूठ ठेवतात, पाखरं खातात. उम्म फादीने बादली माझ्या हातात दिली आणि आम्ही दफनभूमीत गेलो. आधी सुरूंकडे, वदीपाशी आणि त्याच्या सोबत्यांपाशी. मग ती पायवाट ओलांडून भिंतीकडच्या पोरांपाशी आली. इतक्या वर्षांत ती या टोकाला अफीफाला पुरताना एकदाच आली होती, आणि तेव्हा तिला काही दिसत नव्हतं. आता एकेका फोटोपुढे थांबून बघायला लागली.

“हा अनीस ना? आमच्या अंजिरावरून पडला होता. माझ्या आईनेच त्याचा हात बांधला, आणि मग कानाखाली दिली.” एक मूठ. “आणि हा? याच्या आईने मला मागणी घातली होती.”

मी म्हटलं की हे मला माहीत नव्हतं.

“त्यालाही माहीत नव्हतं. माझ्या आईने परस्पर नाही सांगितलं.” त्याला तिने दोन मुठी दिल्या.

नस्रीच्या कबरीवरचं गवत बघून ती मला बोलली. मग वाकून स्वतःच उपटायला लागली. मूठभर गहू ठेवला आणि काच रुमालाने पुसली. शेजारी अफीफाची माती अजून नवी होती, दगड बसायचा होता. तिथे ती खालीच बसली. वाढता वाढता तिने स्वतः काहीच खाल्लं नव्हतं. बादलीच्या तळातून चमचाभर गहू काढला, तोंडात घातला, सावकाश चावला.

“देव तुझ्यावर दया करो, अफीफा,” ती म्हणाली. “तुझ्यावर, वदीवर, आणि या तुझ्या दिरावर.”

मग तिने चमचा पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही खाल्लेला नाही. सकाळपासून मी फक्त दुसऱ्यांची तोंडं बघत होतो. मी घास घेतला. साखर बरोबर होती, दाणा दाणा सुटा होता. पण चार शब्द म्हणायचे ते मला म्हणता येईनात. घास तोंडातच राहिला.

उम्म फादीने थोडा वेळ वाट बघितली.

“देव तिच्यावर दया करो,” ती माझ्या वतीने म्हणाली. “आता गीळ. बादली उचल. अजून भिंतीकडची दोन पोरं राहिलीत.”